दोरी कोणाच्या हातात होती

बहरीनची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही मनात एक उंट उभा केला असेल. बसवा त्याला खाली. चार वर्षांत मी इथे जवळून पाहिलेला एकमेव उंट आमच्या फ्रीजच्या दाराला चिकटलेला आहे, आणि तोही चीनमध्ये तयार झालेला. सोन्याचे नळ नाहीत, शेखची पांढरी गाडी नाही. पासपोर्ट हिसकावून घेतलेला बिचारा भारतीयही नाही, माझा पासपोर्ट माझ्याच कपाटात बनियनच्या घडीखाली सुखरूप आहे.

ही गोष्ट विमानाची आहे, पण ते विमान मी पाहिलेलं नाही. एका म्हाताऱ्याच्या मुलाखतीची आहे, पण ती मुलाखत कुठेच नाहीये. आणि मी मिमिक्री करतो हे कळल्यावर तुम्ही हसायला सरसावून बसणार असाल, तर आधीच सांगतो, यात मी आयुष्यातली सगळ्यात भारी मिमिक्री केलीय आणि तिला कोणी हसलं नाही.

मिमिक्रीचं वेड मला लहानपणापासून. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथली शाळा. नववीत असताना ऑफिसातल्या माइकवरून हेडमास्तरांच्या आवाजात मी दोन वर्गांना अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. मुलं घरी गेली, मास्तरही गेले, एक मास्तर तर जाताना माइकला नमस्कार करून गेले. गॅदरिंगला माझा पंधरा मिनिटांचा आयटम ठरलेला. माणूस बोलायला लागला की मी त्याचे ओठ बघतो, दात बघतो, श्वास कुठे घेतो ते बघतो. तो काय बोलला हे मात्र मला नंतर दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागतं. घरी यावरून शिव्या खायचो. इथे आलो तर याचाच मला पगार मिळायला लागला.

म्हणजे मी साउंडवाला. अदलियात एक छोटी कंपनी आहे, प्रदर्शनांसाठी, हॉटेलांसाठी फिल्मा बनवते, तिथे. साउंडवाल्याचा कान असाच लागतो. समोरचा माणूस डोळ्यांत पाणी आणून बोलत असतो आणि आम्ही ऐकत असतो की मागे एसी घरघरतोय का, शर्टाची कॉलर माइकला घासतेय का. शब्द काय, नंतर ऐकता येतात.

आमची खोली तुबलीत, खाली सगळी गॅरेजेस. माझ्या खोलीत राहणारा दादा अमरावतीचा, माझ्याच कंपनीत लाइटचं बघतो. वयाने बारा-तेरा वर्षांनी मोठा, इथल्या मराठी लोकांच्या जयंतीच्या कार्यक्रमात स्टेज तोच लावतो आणि माझा आयटमही तोच घुसवतो. मला इथे बोलायला, जेवायला आणि घाबरायला तेवढा एकच माणूस.

तर, जुफैरमधल्या एका हॉटेलला लॉबीत एक कोपरा सजवायचा होता. विषय, फ्लाइंग बोट. आम्हाला काम आलं तेव्हा मला वाटलं मुलांच्या पार्कातला पाळणा असेल. पण ती खरीच होती. विमानाला चाकं नाहीत, पोट होडीसारखं, पंखांवर चार इंजिनं. लंडनच्या बाजूने निघायचं, रात्र पडली की उतरून मुक्काम करायचा, सकाळी परत उडायचं. नाईलचं पाणी, बसऱ्याचं पाणी, मग बहरीन, मग कराची, मग आपल्याकडचे तलाव गाठत गाठत थेट ऑस्ट्रेलिया. आत म्हणे चालायला जागा, खिडकीशी उभं राहायला कठडा. साहेब लोक पांढऱ्या कपड्यांत जेवत जेवत यायचे. मग दुसरं महायुद्ध लागलं, ही विमानं पाणबुड्या शोधायला लागली. युद्धापायी जिकडेतिकडे सिमेंटच्या धावपट्ट्या झाल्या आणि युद्ध संपल्यावर लोकांच्या लक्षात आलं की आता पाण्यावर उतरायची गरजच राहिली नाही. प्रवाशांच्या बोटी आधी गेल्या. ब्रिटिश हवाई दलाच्या आणखी काही वर्षं येत राहिल्या, मग त्याही भंगारात. जिथे उतरायच्या त्या पाण्यातसुद्धा आता भराव पडलाय. जुफैरमध्ये ज्या हॉटेलात हा कोपरा होणार होता, ते हॉटेलच बहुतेक त्या पाण्यावर उभं आहे.

हॉटेलला एक जिवंत माणूस हवा होता, त्या बोटी पाहिलेला. तसे हाजी सापडले.

हाजी नव्वदीच्या आसपासचे. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या मोठ्या भावाने हवाई दलाच्या फ्लाइंग बोटींच्या लाँचवर काम केलेलं. त्यांची मुलगी रिटायर शिक्षिका. गल्लीतला दुकानदारही तिला टीचर म्हणतो, म्हणून आम्हीही टीचर म्हणायला लागलो. घर जुनं, खोली लांबट, भिंतीला लागून गाद्या, एका टोकाला फ्रीज. शूटिंगला फ्रीज बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर येते. आणि बंद केला की गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायचं विसरत नाही. टीचर हे बघून खूप हसल्या. "माझ्या वर्गातही अशी अक्कल कोणी लढवली नाही," म्हणाल्या. इंग्रजीतच बोलायच्या आमच्याशी. हिंदी त्यांना येत नव्हतं. हाजींना मात्र मस्त यायचं, जुन्या मुंबईचं हिंदी. त्यांचे वडील खजूर घेऊन मुंबईला जायचे, हे दोघे भाऊ सोबत.

कॅमेऱ्यासमोर हाजी अरबीत बोलले. छान बोलले. समुद्र अगदी आरशासारखा सपाट असला की वैमानिकाला पाणी नेमकं कुठे सुरू होतं तेच कळत नाही, म्हणून आधी लाँच घेऊन जायचं आणि गोल गोल फिरून पाणी खळबळवायचं, मग विमान उतरायचं. विमान उतरलं की बोयापर्यंत यायचं. बोया म्हणजे तळाला साखळीने अडकवलेला तरंगता पिंप. त्याला विमानाचं नाक बांधायचं. हे सगळं आमच्या प्रेझेंटरने भाषांतर करून सांगितलं म्हणून मला कळलं. मी तोवर हाजींचे दात बघत होतो. कवळी थोडी ढिली होती. 'स' म्हणताना ती खाली यायची आणि हाजी ती जिभेने वर ढकलायचे, त्याचा एक बारीक 'टक्' यायचा. वाक्य संपलं की छातीतून शिट्टीसारखा श्वास. दहा मिनिटांत मी तो माणूस पाठ केला.

कॅमेरा आटोपला. प्रेझेंटर गेला, दादा आणि कॅमेरावाला सामान खाली न्यायला लागले. मी फ्रीज चालू केला, किल्ली काढली. टीचर आत चहा टाकायला गेल्या. मी माइक उतरवायला वाकलो तर हाजींनी माझं मनगट धरलं.

"ए हिंदी." इथे भारतीयाला हिंदीच म्हणतात. "बैठ. मशीन चालू कर."

"हाजी, हो गया काम."

"वो होटल का काम था. ये मेरा काम है. एक बार बोलेगा, दो बार नहीं बोलेगा. अरबी में बोलेगा तो घर सुनेगा. तू सुन."

मी मशीनचं लाल बटण दाबलं आणि बसलो.

हाजी किती वेळ बोलले? बारा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी हेडफोन लावून समोर मांडी घालून. मला काय काय आठवतं ते खरं खरं सांगतो. कवळीचा टक् आठवतो. बोलताना डावा हात मांडीवर उलटा पडलेला, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली, हे आठवतं. एका ठिकाणी ते थांबले आणि नेमका तेव्हाच फ्रीज सुरू झाला, घर्रर्र. मी चडफडलो, मशीनवरचा आवाज कमी-जास्त करत बसलो, परत वर बघितलं तर हाजींच्या नाकातून पाणी येत होतं आणि ते पुढे गेलेले होते. मला वाटलं, असू दे, रेकॉर्ड तर होतंय. ओठांनी मी त्यांच्यामागोमाग आवाज न काढता बोलून बघत होतो. ते 'समुंदर' म्हणायचे, मी तोंडातल्या तोंडात 'समुंदर'. टक्.

मग ते गप्प झाले. मी सवयीने बोट वर केलं. "हाजी, एक मिनिट कोई नहीं बोलेगा." हे आमचं नेहमीचं. जिथे बोलणं रेकॉर्ड केलं तिथली एक मिनिटाची शांतता घ्यायची. कारण शांतता प्रत्येक खोलीची वेगळी असते आणि नंतर वाक्यं कापताना, जोडताना मध्ये भरायला तीच लागते. मी नवी फाइल सुरू व्हावी म्हणून परत तेच लाल बटण दाबलं. एक मिनिट आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. हाजींनी हातातला मघाच्या चहाचा कप बशीत ठेवला. मिनिट झालं.

"खलास?" हाजींनी विचारलं.

"खलास!" मी म्हटलं. त्यांच्याच आवाजात. त्या 'टक्'सकट.

हाजी बघतच राहिले, मग छातीतल्या शिट्टीसकट हसले. मला काय वाटलं सांगू, नववीत सुट्टी दिली होती तेव्हा वाटलं होतं तसंच.

दाराशी मी बूट घालत होतो तेव्हा टीचर मागून आल्या. हातात रिकामा ट्रे.

"त्यांनी माझ्या काकांचं नाव घेतलं," त्या हळूच म्हणाल्या. "मी आतून ऐकलं. तीनदा. माझ्या जन्मापासून या घरात ते नाव त्यांच्या तोंडून निघालेलं नाही."

आणि मग त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता, धुळीचा. विमान बोयाला बांधायचं होतं. मोठा भाऊ लाँचवरून वाकला आणि पाण्यात गेला, विमानाच्या पोटाखाली, तो परत वर आलाच नाही. त्याच्या कमरेला दोरी होती. दोरीचं दुसरं टोक धाकट्याच्या, म्हणजे हाजींच्या हातात होतं आणि त्यांनी सोडलं, असं आजी म्हणायची. बाकीचे लोक म्हणायचे, हाजी मागे लाँचच्या इंजिनपाशी होते, दोरी त्यांच्या हातात नव्हतीच. हाजी कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत.

"आजी मरेपर्यंत माझ्या वडिलांच्या हातचं पाणी प्यायली नाही," टीचर म्हणाल्या. "मी लहान होते, पेला मला न्यायला लागायचा. दोरी कोणाच्या हातात होती एवढंच मला कळायला हवं. पण आत्ता सांगू नको, ते आत बसलेत. त्यांनी मला नाही सांगितलं, तुला सांगितलं. मी त्यांच्याच आवाजात ऐकीन. तू शेजारी बसून अर्थ सांग. झालंय ना नीट रेकॉर्ड?"

मी बॅगवर थाप मारली. "सगळं आहे, टीचर. एक नंबर."

दुसऱ्या दिवशी अदलियाला ऑफिसात बसून फायली उतरवल्या. हाजींच्या त्या भागाची एकच फाइल. लांबी, एक मिनिट बारा सेकंद.

आमच्या मशीनचं लाल बटण एकदा दाबलं की ते नुसतं तयार होतं. लाल दिवा लुकलुकतो, हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं, पट्ट्या नाचतात. पण ते टिपून काही घेत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि तेव्हा खरं रेकॉर्डिंग सुरू. हे मला झोपेतही माहीत आहे. नवीन पोरांना मीच शिकवतो. मी एकदाच दाबलं होतं. दिवा पंधरा मिनिटं माझ्या मांडीपाशी लुकलुकत होता आणि मी हाजींचे दात बघत होतो. मग शांततेसाठी दुसऱ्यांदा दाबलं. म्हणजे माणूस बोलत होता तेव्हा मशीन गप्प, आणि माणूस गप्प झाल्यावर मशीन सुरू.

मी हेडफोन लावून ती फाइल ऐकली. फ्रीज. हाजींचा श्वास. लांबून एक हॉर्न. कप. फ्रीज. "खलास?" "खलास!" हसणं.

मी खुर्चीवरून उठलोच नाही. शेवटी दादाच आला.

"काय झालं बे? काऊन असा बसला?"

सांगितलं. दादाने हेडफोन लावून स्वतः ऐकलं, काढला, टेबलावर ठेवला.

"तुले आठवते ना काय बोलले ते?"

"नाही."

"नाही म्हंजे? समोर बसला होता ना तू?"

"दादा, मी आवाज ऐकत होतो."

दादा माझ्याकडे असा बघत होता, जसा लाइट लागला नाही की वायरकडे बघतो. मग म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जा. म्हाताऱ्याचे पाय धर, म्हण परत बोला. नाही बोलले तर पोरीले खरं सांग. आज. उद्या नको करू, तुह्या तोंडाले उद्याची सवय आहे."

मी फोन केला. टीचरनी उचलला तो हॉस्पिटलातून. सकाळपासून हाजींना श्वास घेता येत नव्हता. तोंडावर मास्क आहे, बोलू देत नाहीत, म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "बरं झालं ना, कालच बोलून घेतलं त्यांनी. तुझे उपकार आहेत." मी म्हटलं, "इंशाल्ला बरे होतील." एवढंच म्हटलं.

अकराव्या दिवशी हाजी गेले. हे अकरा दिवस मी रोज ठरवत होतो.

तीन दिवस लोक भेटायला येतात, तिथे दादा मला घेऊन गेला. बायकांची बसायची जागा वेगळी, त्यामुळे टीचर भेटल्या नाहीत, मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. पुरुषांत बसून कडू कॉफी प्यायलो. भिंतीला गाद्या, टोकाला तोच फ्रीज. तो घरघरला तशी माझी कॉफी सांडली.

आठवड्याने टीचरचा मेसेज आला. शुक्रवारी दुपारी ये. वडिलांचं घेऊन ये.

दादा म्हणाला, जाऊन सांग. मी म्हटलं, हो. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसची गाडी घेऊन तुबलीच्या खाडीकडे गेलो, काचा वर केल्या, इंजिन बंद, एसी बंद. गाडीत आवाज कोरडा येतो, स्टुडिओसारखा. जूनचा महिना. स्टिअरिंगला हात लागत नव्हता. कपाळावरून घाम मशीनवर पडत होता. लाल बटण दोनदा दाबलं, दिवा स्थिर आहे ना हे तीनदा बघितलं.

आणि हाजी झालो.

काय बोलायचं ते मी कागदावर लिहिलं होतं. टीचरने दारात सांगितलेलं, तेवढंच माझ्याकडे होतं. वारा, बोया, लाँच, विमानाचं पोट. आणि दोरी. दोरीपाशी पेन अडलं. मग मला वाटलं, कोणाच्याच हातात नको. तुटू दे. बाईला आयुष्यभर पुरेल, कोणाचं काही जाणार नाही. "समुंदर खराब था. मेरा भाई नीचे गया. रस्सी टूट गया, बेटा. किसी का हाथ में नहीं था. रस्सी टूट गया." टक्. श्वासाची शिट्टी. खोटं सांगत नाही, म्हणताना माझ्याच नाकातून पाणी यायला लागलं. आणि त्याच वेळी डोक्यात एक शहाणा म्हणत होता, वा, हे ठेव, हे खरं वाटतंय.

मग ऑफिसात बसून त्याखाली ती शांतता पसरली. खरी. हाजींच्या खोलीची, त्यांच्या श्वासाची. शेवटचे खलास आणि हसणं कापून टाकलं. एकच मिनिट होतं, म्हणून तेच परत परत जोडलं. माझा आवाज त्यात असा बसला की मलाच भीती वाटली. आमचा धंदाच हा, शांतता असते ती खोटं सांधायला. पण आजवर मी वाक्यं सांधली होती. माणूस पहिल्यांदाच.

दादाला सांगितलं नाही.

शुक्रवारी टीचरनी मला तिथेच बसवलं, जिथे त्या दिवशी मी मांडी घालून बसलो होतो. हाजींच्या जागी कोणी बसलं नाही, तिथे उशी उभी ठेवलेली. खजूर, चहा. मशीन आणि त्याला जोडायला छोटा स्पीकर मी सोबत नेला होता. त्यांनी काळ्या अबायाच्या बाहीने डोळे आधीच पुसून घेतले, नंतर वेळ जायला नको म्हणून. "लाव," म्हणाल्या.

लावलं. फ्रीज घरघरला, स्पीकरमधला आणि खोलीतला, दोन्ही. मग आवाज. टीचरचा हात तोंडावर गेला. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत गेलो. वारा सुटला होता म्हणतायत. विमान पुढे-मागे होत होतं म्हणतायत. स्पीकरमध्ये कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. तो कप दर मिनिटाला वाजणार होता. तोच कप, तसाच. मी कापायला विसरलो होतो. दुसऱ्यांदा वाजला. टीचर डोळे मिटून डोलत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नाही. दोरी तुटली म्हणतायत. कोणाच्याच हातात नव्हती म्हणतायत. त्यांच्या तोंडून अरबीत काहीतरी निघालं, लांब, सुटका झाल्यासारखं. तिसऱ्यांदा कप. संपलं.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

परत लावलं. या वेळी त्या माझ्याकडे न बघता बोटं मिटत होत्या, एकेक. मला वाटलं तसबी, म्हणजे जप करतायत. संपल्यावर म्हणाल्या, "नाव कुठे आहे?"

"काय?"

"काकांचं नाव. त्यांनी तीनदा घेतलं. मी आतून ऐकलं होतं. यात ते फक्त काहीतरी भाई, भाई म्हणतायत."

 मला ते नाव माहीतच नव्हतं. दोन हातांवरून हाजींनी ते माझ्या तोंडावर तीनदा म्हटलं होतं, आणि मला फक्त एवढं आठवत होतं की ते म्हणताना कवळी वाजली नव्हती.

"कापलंस?" टीचर म्हणाल्या. "हॉटेलसाठी छोटं केलंस का? मूळ लाव. मला मूळ हवंय."

मी दादाला शिव्या दिल्या मनात, तो सोबत नव्हता म्हणून. मग सांगितलं. बटणापासून गाडीपर्यंत सगळं. सांगताना मी माझ्याच आवाजात बोलत होतो आणि तो मला फार पातळ वाटत होता, उसना घेतल्यासारखा.  शेवटी मी म्हटलं, खरं एवढंच आहे, आणि ती मूळ फाइल लावली. एक मिनिट बारा सेकंद.

त्या स्पीकरच्या जवळ सरकल्या, कान लावला, डोळे मिटले. फ्रीज. श्वास. हॉर्न. कप. श्वास.

"खलास?"

त्यांनी डोळे उघडले.

"खलास!"

त्यांनी आधी स्पीकरकडे, मग माझ्याकडे बघितलं. "हे दुसऱ्यांदा कोण म्हणालं?"

"मी."

तोवर हसणं संपलं होतं. ते हसणं तर त्यांनी धड ऐकलंही नाही. टीचरनी उशी नीट उभी केली. चहावर साय धरली.

"उभा राहा," त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो. हात आपोआप मांड्यांना चिकटले, अंगठे पँटच्या शिवणीवर, शाळेत उभा राहायचो तसा.

"मी पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं. कॉपी करणारी पोर मला लांबून ओळखू येते. पण ती निदान वाचते तरी, काय उतरवतेय ते. तू काय वाचलंस? माझा बाप तुझ्यासमोर बसला होता. साठ-पासष्ट वर्षं जे त्याने आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, मला नाही, ते तुला सांगितलं. का, तर तू परका, तू ऐकशील. आणि तू त्याचे दात बघत होतास! खाली बघू नको. वर बघ. मशीनचं मी धरून बसले नसते. मशीन बिघडतं, माणूस विसरतो, त्याच दिवशी येऊन सांगितलं असतंस तर मी हॉस्पिटलात त्यांचा मास्क काढून एक शब्द विचारला असता. एक. हो की नाही. मान हलवली असती त्यांनी. अकरा दिवस होते! अकरा दिवस ते तिथे पडून होते आणि मी त्यांना म्हणत होते, बाबा, बोलू नका, तुमचं सगळं आहे त्या मुलाकडे. मी गप्प केलं त्यांना. तुझ्या भरवशावर. आणि आता दोरी तुटली म्हणतोस. तुटलीही असेल. खरंच तुटली असेल. पण आता ते मला कधी खरं वाटणार नाही, कारण ते तू लिहिलंयस. ते मशीन इथे ठेव. ते एक मिनिट माझं आहे. त्यातला तुझा तो शब्द कापून दे आधी. नको, राहू दे, हात लावू नको, तू परत काहीतरी जोडशील. जा. आणि सॉरी म्हणू नकोस मला. कोण म्हणतंय ते मला कळायचं नाही."